सुगम्य वर्णन, वेबपृष्ठावरील
वेबपृष्ठावरील एखाद्या घटकाचे (उदा., अर्जातील रकाना, बटण, चित्र, आलेख) नाव व प्रकार सांगून झाल्यावर त्या घटकाविषयी जी पूरक माहिती स्क्रीन रीडर या संगणकीय साधनामार्फत वापरणाऱ्यास दिली जाते, तिला सुगम्य वर्णन असे म्हणतात. स्क्रीन रीडर ही संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविणारी अथवा ब्रेल पट्टीवर उमटविणारी आज्ञावली असून अंध व अल्पदृष्टी व्यक्ती तिच्या साहाय्याने संगणक स्वतंत्रपणे वापरू शकतात. छापील पानावरील मजकूर एकदा छापला की बदलत नाही. याउलट आधुनिक वेबपृष्ठावरील मजकूर वाचक तेथे असतानाच बदलत राहतो : परवलीचा शब्द टंकताना त्याखालील सूचना बदलते, एकवार वापराच्या संकेतांकाची (ओटीपीची) मुदत सेकंदासेकंदाने घटते, चुकीचा पिनकोड भरताच रकान्याखाली लाल अक्षरांत चूक दाखविली जाते. डोळस व्यक्तीला हे बदल दृष्टिक्षेपात कळतात. अंध व्यक्तीला ते कळावयाचे, तर बदल झाल्याची वार्ता ब्राउझरने स्क्रीन रीडरला दिली पाहिजे आणि स्क्रीन रीडरने ती योग्य वेळी व योग्य शब्दांत उच्चारली पाहिजे. या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी पृष्ठ मुके राहते व अर्ज का स्वीकारला जात नाही, याचा उलगडा अर्जदारास होत नाही. बँकेचा व्यवहार, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण यांसारखी कामे वेबपृष्ठांवर होऊ लागल्यापासून हा प्रश्न केवळ तांत्रिक उरलेला नाही. असा मुका रकाना समोर आला की अंध व्यक्तीला आपला परवलीचा शब्द किंवा खात्याचा तपशील दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो व तिच्या स्वावलंबनास आणि खाजगीपणास बाध येतो.

ऐतिहासिक आढावा : व्यक्तिगत संगणकाच्या आरंभीच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे दिसत. डॉस या परिचालन प्रणालीतील नेहमीचा पडदा २५ ओळी व ८० स्तंभ असा असून त्यावरील प्रत्येक अक्षराचा संकेतांक संगणकाच्या स्मृतीत ठराविक जागी साठविलेला असे. स्क्रीन रीडरला ती स्मृती थेट वाचता येई, तसेच कोणत्या जागेचे अक्षर बदलले हेही समजे. आयबीएम या कंपनीतील जिम थॅचर यांनी डॉससाठी तयार केलेली आज्ञावली १९८६ मध्ये उपलब्ध झाली. तिचे ‘स्क्रीन रीडर’ हे नावच पुढे अशा सर्व आज्ञावल्यांना रूढ झाले. १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेंटर यांनी बिल जॉइस यांच्यासह १९८७ मध्ये हेंटर-जॉइस ही कंपनी स्थापन केली व १९८९ मध्ये ‘जॉज’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली.

चित्रमय पडदे प्रचारात आल्यावर परिस्थिती पालटली. अशा पडद्यावर अक्षरे नसून रंगीत ठिपके असतात. त्या ठिपक्यांमधून अक्षर, बटण किंवा चौकट ओळखणे दुष्कर होते. मॅकिंटॉश संगणकासाठी १९८९ मध्ये निघालेली ‘आउटस्पोकन’ ही आज्ञावली चित्रमय पडद्यावर चालणाऱ्या आरंभीच्या स्क्रीन रीडरांपैकी एक होय. विंडोज प्रणालीवर चालणारी जॉजची आवृत्ती १९९५ मध्ये आली. पडद्यावर काय रेखाटले जात आहे, याचा मागोवा घेऊन स्मृतीत पडद्याची एक प्रतिकृती तयार करण्याची युक्ती या काळातील स्क्रीन रीडर वापरीत. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ हा आंतरपृष्ठसंच उपलब्ध केला. त्यामुळे प्रत्येक घटकाने आपले नाव, प्रकार, अवस्था व वर्णन स्वतःच सांगावे, ही पद्धत विंडोजवर सुरू झाली. त्याच वर्षी आयबीएमच्या जपानमधील प्रयोगशाळेतील अंध संशोधक चिएको असाकावा यांच्या कार्यातून ‘होम पेज रीडर’ हा वेबपृष्ठे बोलून दाखविणारा ब्राउझर साकार झाला.

त्यानंतरच्या काळात स्क्रीन रीडर परिचालन प्रणालीचाच भाग म्हणून मिळू लागले. ॲपलने २००५ मध्ये आपल्या संगणकांत व २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’चा समावेश केला. अँड्रॉइड भ्रमणध्वनींवर २००९ पासून ‘टॉकबॅक’ आले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या मुक्त व विनामूल्य स्क्रीन रीडरच्या निर्मितीस प्रारंभ केला. पुढे जेम्स टेह हे त्यांना येऊन मिळाले. किंमत परवडत नसल्याने स्क्रीन रीडरपासून वंचित राहिलेल्या भारतासारख्या देशांतील व्यक्तींना या आज्ञावलीचा विशेष उपयोग झाला.

कार्यपद्धती : वेबपृष्ठ एचटीएमएल या खूणभाषेत लिहिलेले असते. ब्राउझर त्यातील खुणा वाचून पृष्ठातील घटकांचा एक वृक्ष स्मृतीत उभारतो व त्यानुसार पडद्यावर पृष्ठ रेखाटतो. त्याच वेळी तो आणखी एक वृक्ष सिद्ध करतो. यात रंग, समास इ. दृश्य तपशील गाळून प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार, अवस्था, मूल्य व वर्णन एवढेच ठेवलेले असते. यास सुगम्यता वृक्ष म्हणतात. परिचालन प्रणालीच्या आंतरपृष्ठाद्वारे स्क्रीन रीडर या वृक्षातील माहिती मागवून घेतो.

वेबपृष्ठ वाचण्याच्या स्क्रीन रीडरच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत तो संपूर्ण पृष्ठाची एक सलग प्रत स्वतःजवळ ठेवतो व वापरणारी व्यक्ती बाणांच्या कळींनी त्या प्रतीतून ओळीओळीने किंवा शीर्षकाशीर्षकाने पुढे सरकते. दुसऱ्या रीतीत कळफलकावरील कळी थेट पृष्ठातील रकान्याकडे जातात. अर्ज भरताना ही रीत लागते. टॅब कळ दाबून रकान्यावर आले की त्या रकान्यावर ‘फोकस’ आला असे म्हणतात. फोकस येताच स्क्रीन रीडर सामान्यतः प्रथम रकान्याचे नाव, मग त्याचा प्रकार, त्याची अवस्था किंवा मूल्य आणि अखेरीस वर्णन उच्चारतो. उदा., ‘परवलीचा शब्द, संपादन, अनिवार्य, किमान ८ अक्षरे व त्यांत एक अंक असावा’. यातील शेवटचा भाग म्हणजे वर्णन होय. दुसऱ्या रीतीत एक मोठी उणीव अशी की, रकान्याच्या आसपासचा मजकूर कानावर येत नाही. रकान्याशी जो मजकूर जोडलेला असेल तेवढाच ऐकू येतो. रकान्याखाली ठळक अक्षरांत छापलेली सूचना त्याच्याशी जोडलेली नसेल, तर अर्ज भरणाऱ्या अंध व्यक्तीच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच असते.

नाव व वर्णन यांतील भेद : घटक कोणता हे नावामुळे कळते, तर तो कसा वापरावा किंवा त्याविषयी आणखी काय जाणून घ्यावे हे वर्णनामुळे कळते. नाव आटोपशीर व स्थिर असावे लागते. कारण एकाच पृष्ठावरील अनेक घटकांतून हवा तो घटक वापरणारी व्यक्ती नावानेच ओळखते. वर्णन अधिक विस्तृत असू शकते व परिस्थितीनुसार बदलूही शकते. नाव टाळून चालत नाही. वर्णन मात्र अनुभवी व्यक्ती पुष्कळदा अर्ध्यावर तोडून पुढे जाते. एनव्हीडीएसारख्या आज्ञावल्यांत वर्णने उच्चारावयाची की नाहीत, हे ठरविण्याची सोयही असते. यास्तव ज्या माहितीवाचून कामच होणार नाही, ती केवळ वर्णनात ठेवणे श्रेयस्कर नसते.

वर्णन ठरविण्याची पद्धती : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ‘वाय-एरिया’ नावाचे एक विनिर्देशन तयार केले आहे. बदलत्या वेबपृष्ठांतील घटकांचे प्रकार व अवस्था सुगम्यता वृक्षापर्यंत कशा पोहोचवाव्यात, याचे नियम त्यात दिलेले आहेत. त्याची १.० ही आवृत्ती २०१४ मध्ये, १.१ ही २०१७ मध्ये व १.२ ही २०२३ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. यातील ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या गुणधर्माचे मूल्य म्हणून पृष्ठावरील दुसऱ्या एका किंवा अनेक घटकांची ओळखचिन्हे देतात. ब्राउझर त्या घटकांमधील मजकूर दिलेल्या क्रमाने गोळा करून त्यांची एक सलग ओळ बनवतो व ती मूळ घटकाचे वर्णन म्हणून सुगम्यता वृक्षात नोंदवतो. १.३ या आवृत्तीच्या मसुद्यात ‘एरिया-डिस्क्रिप्शन’ हा गुणधर्म आला. त्यात दुसऱ्या घटकाकडे निर्देश न करता वर्णनाचे शब्द थेट लिहिता येतात. ‘एरिया-डिटेल्स’ हा १.१ मध्ये आलेला गुणधर्म याहून वेगळा आहे. तो तक्ते, दुवे इत्यादींनी युक्त अशा विस्तृत स्पष्टीकरणाकडे केवळ अंगुलिनिर्देश करतो आणि वापरणारी व्यक्ती तेथे जाऊन ते सावकाश वाचू शकते.

‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’चे दोन विशेष ध्यानात ठेवावे लागतात. एक म्हणजे गोळा केलेल्या मजकुराची रचना नाहीशी होते. यादी, दुवा, ठळक अक्षर यांपैकी काहीही उरत नाही. उरतो तो निव्वळ शब्दांचा प्रवाह. दुसरा विशेष असा की, निर्देश केलेला घटक पडद्यावर लपविलेला असला, तरी त्याचा मजकूर वर्णनात घेतला जातो. यामुळे पडद्यावर न दिसणारी सूचना देण्याची सोय होते. परंतु एक सापळाही निर्माण होतो. अनेक रचनाकार चुकीचा संदेश पृष्ठात आधीच लिहून लपवून ठेवतात व चूक झाल्यावर तो उघड करतात. रकान्याचा त्याच्याकडील निर्देश कायम राहिल्यास अंध व्यक्तीला रकान्यावर येताक्षणीच, एकही अक्षर टंकण्यापूर्वी, ‘पिनकोड चुकीचा आहे’ असे ऐकू येते. अशा वेळी लपविलेला मजकूर रिकामा ठेवणे अथवा चूक घडल्यावरच निर्देश जोडणे हा उपाय होय.

बदलाची वार्ता : वेबपृष्ठावरील मजकूर पृष्ठ नव्याने न मागविता बदलण्याचे तंत्र २००५ मध्ये ‘अजॅक्स’ या नावाने प्रसिद्धीस आले व त्यानंतर बदलती पृष्ठे हाच सर्वसामान्य प्रकार ठरला. अशा पृष्ठावर वर्णन तीन तऱ्हांनी बदलू शकते : निर्देश केलेल्या घटकातील मजकूर बदलतो, निर्देशच बदलतो, म्हणजे नवे ओळखचिन्ह जोडले किंवा जुने काढले जाते, अथवा निर्देश केलेला घटकच पृष्ठावरून काढून त्या जागी दुसरा ठेवला जातो.

यांपैकी पहिली तऱ्हा वरकरणी सोपी वाटली, तरी ब्राउझरला ती बरीच कष्टप्रद असते. सूचनेच्या चौकटीतील शब्द बदलले, हे ब्राउझरला लगेच कळते. परंतु त्या चौकटीकडे कोणकोणते रकाने निर्देश करतात, याची उलट नोंद त्याने ठेवली नसेल, तर रकान्याचे वर्णन बदलले हे त्यास उमगत नाही. बदललेला घटक एक व वार्ता ज्याच्याविषयी द्यावयाची तो घटक दुसरा, अशी ही स्थिती असते. उलट नोंद असल्यास ब्राउझर रकान्याचे वर्णन नव्याने सिद्ध करतो व ‘वर्णन बदलले’ अशी घटना आंतरपृष्ठाद्वारे प्रसारित करतो. विंडोजच्या जुन्या आंतरपृष्ठातही या प्रकारची स्वतंत्र घटना आहे.

घटना पोहोचल्यावर पुढील निर्णय स्क्रीन रीडरचा असतो. पृष्ठावर एकाच वेळी अनेक वर्णने बदलू शकतात. ती सर्व उच्चारल्यास निव्वळ गोंगाट होईल. यास्तव फोकस ज्या घटकावर आहे, त्याच्याच वर्णनातील बदल उच्चारावा व इतर घटकांविषयीचे बदल केवळ नोंदवून ठेवावेत, हे धोरण युक्त ठरते. तथापि सर्व स्क्रीन रीडर व सर्व ब्राउझर या बाबतीत सारखे वागत नाहीत. काही जोड्यांत बदललेले वर्णन तत्काळ ऐकू येते. काहींत रकान्यावरून बाहेर जाऊन परत आल्यावर ते ऐकू येते, तर काहींत पृष्ठाची साठविलेली प्रत ताजी होईपर्यंत जुनेच वर्णन वाचले जाते. एका ब्राउझरवर व एका स्क्रीन रीडरवर तपासलेले पृष्ठ दुसऱ्या जोडीवर मुके निघण्याचे हे एक प्रमुख कारण होय. वेबएम या अमेरिकन संस्थेने २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी केलेल्या पाहणीत सुमारे ४०% उत्तरदात्यांनी जॉज व सुमारे ३८% उत्तरदात्यांनी एनव्हीडीए हा आपला संगणकावरील प्रमुख स्क्रीन रीडर असल्याचे सांगितले. यावरून कोणत्याही एकाच आज्ञावलीवर विसंबून चाचणी घेणे अपुरे ठरते, हे उघड आहे.

अडचणी : बदलत्या वर्णनांच्या वाचनात उद्‌भवणाऱ्या अडचणी प्रामुख्याने ध्वनीच्या स्वरूपामुळे येतात. पडद्यावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसू शकतात. कानाला एका वेळी एकच वाक्य नीट ऐकता येते.

(१) वेळेचा मेळ न बसणे : फोकस येताच स्क्रीन रीडर नाव व वर्णन मागवून घेतो. पृष्ठाने वर्णन त्यानंतर क्षणभराने जोडले, तर वाचन आधीच सुरू झालेले असते व नवे वर्णन अनुच्चारित राहते. (२) व्यत्यय : टंकन करताना प्रत्येक कळीसरशी चालू असलेले वाचन बहुधा थांबते. त्यामुळे प्रत्येक अक्षरागणिक बदलणारे ‘१५९ अक्षरे शिल्लक’, ‘१५८ अक्षरे शिल्लक’ असे वर्णन कधीच पूर्ण ऐकू येत नाही. शिवाय टंकलेले अक्षर कोणते, हेही त्यात बुडून जाते. (३) पुनरुक्ती : बदल निश्चितपणे ऐकू जावा म्हणून तो दोन मार्गांनी कळविल्यास एकच वाक्य दोनदा उच्चारले जाते. (४) अवाजवी लांबी : परवलीच्या शब्दाच्या पाच अटींपैकी एक पूर्ण झाली, की पाचही अटी पुन्हा वाचल्या जातात, कारण वर्णन ही एक सलग ओळ असून तिच्यातील बदललेला भाग वेगळा काढलेला नसतो. (५) फोकस नष्ट होणे : पृष्ठाने केवळ वर्णन न बदलता संपूर्ण रकानाच नव्याने उभारला, तर फोकस असलेला घटक नाहीसा होतो व वापरणारी व्यक्ती पृष्ठाच्या आरंभी फेकली जाते.

जिवंत प्रदेश : वर्णनाखेरीज बदल कळविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे जिवंत प्रदेश होय. पृष्ठावरील एखादा भाग ‘एरिया-लाइव्ह’ या गुणधर्माने चिन्हांकित केल्यास त्यातील मजकूर बदलताच तो फोकस कोठेही असला तरी उच्चारला जातो. या गुणधर्माच्या ‘पोलाइट’ म्हणजे विनम्र या मूल्यामुळे चालू वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली जाते, तर ‘असर्टिव्ह’ म्हणजे आग्रही या मूल्यामुळे ते तोडून नवा मजकूर सांगितला जातो. आग्रही प्रकार तातडीच्या इशाऱ्यांपुरताच राखून ठेवणे इष्ट असते. चिन्हांकित भाग पृष्ठात आधीपासून असावा व मजकूर त्यात मागाहून घालावा, म्हणजे वाचन भरवशाचे होते.

वर्णन व जिवंत प्रदेश परस्परांना पर्यायी नसून पूरक आहेत. जिवंत प्रदेशातील वाक्य एकदा कानावर पडून विरून जाते. ते निसटल्यास रकान्यावर परत येऊनही मिळत नाही. वर्णन मात्र रकान्याला चिकटलेले असते व हवे तेव्हा पुन्हा ऐकता येते. उदा., एनव्हीडीएमध्ये त्याच्या विशेष कळीसह टॅब दाबल्यास फोकस असलेल्या घटकाची माहिती पुन्हा वाचली जाते. म्हणून क्षणिक वार्ता जिवंत प्रदेशातून व टिकून राहणारी माहिती वर्णनातून देणे, ही विभागणी सयुक्तिक ठरते. ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांसाठी सिद्ध केलेल्या रचनासंचात अक्षरे मोजणारा जो रकाना आहे, त्यात हेच तत्त्व अवलंबिले आहे. ‘जास्तीत जास्त इतकी अक्षरे लिहिता येतील’ ही न बदलणारी सूचना रकान्याच्या वर्णनात असते. पडद्यावर दिसणारी घटती संख्या स्क्रीन रीडरपासून लपविलेली असते आणि शिल्लक अक्षरांची वार्ता एका वेगळ्या विनम्र प्रदेशातून टंकन थांबल्यावरच दिली जाते.

ब्रेल पट्टी : ब्रेल पट्टीवर खालीवर होणाऱ्या टिंबांच्या द्वारे एका वेळी एकच ओळ उमटते. ४० किंवा ८० अक्षरांच्या पट्ट्या संगणकाबरोबर वापरल्या जातात. लहान पट्ट्यांवर याहून कमी अक्षरे असतात. जिवंत प्रदेशातील संदेश तेथे थोडा वेळ दिसून नाहीसा होतो. बोटे त्या क्षणी कळफलकावर असल्यास तो वाचता येत नाही. अंध-बधिर व्यक्तींना आवाजाचा पर्याय नसल्याने त्यांच्या दृष्टीने रकान्याशी कायम जोडलेले वर्णन हाच मुख्य आधार असतो.

रचनाकारांनी घ्यावयाची दक्षता : वरील विवेचनावरून पुढील नियम निष्पन्न होतात. वर्णन एका किंवा दोन लहान वाक्यांचे असावे व महत्त्वाचा शब्द प्रथम यावा. ‘चूक : पिनकोड सहा अंकी असावा’ हे वर्णन ‘कृपया लक्षात घ्या की आपण भरलेला’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या वर्णनाहून उपयुक्त असते. चूक दाखविताना केवळ वर्णन बदलून न थांबता रकान्याची अवस्था ‘अवैध’ अशी नोंदवावी. अर्ज धाडल्यावर एकापेक्षा अधिक चुका आढळल्यास फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यावा. त्यामुळे नवे वर्णन आपोआपच वाचले जाते व बदलाची घटना पोहोचली की नाही, यावर विसंबून राहावे लागत नाही. टंकन चालू असताना बदल कळविणे अपरिहार्य असल्यास टंकन थांबण्याची वाट पाहावी. घटत्या मुदतीचे आकडे प्रत्येक सेकंदाला सांगू नयेत. ठराविक टप्प्यांवर सांगावेत. अखेरीस, प्रत्यक्ष स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून निरनिराळ्या जोड्यांवर चाचणी करून घ्यावी. सुगम्यता वृक्ष यंत्राने तपासता येतो. परंतु ऐकणाऱ्यास अर्थबोध झाला की नाही, हे यंत्रास सांगता येत नाही.

मराठी मजकूर : देवनागरीतील वर्णने नीट वाचली जाण्यासाठी मजकूर युनिकोड संकेतप्रणालीत असणे आवश्यक असते. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत अक्षरांचे आकार देवनागरी दिसले, तरी त्यांमागील संकेतांक रोमन अक्षरांचे असत. अशी वर्णने स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरांच्या मालिकेप्रमाणे वाचतो. एनव्हीडीएसोबत मिळणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या वाक्‌संश्लेषकात मराठी भाषेची सोय आहे. तसेच इतर प्रणालींवरही मराठी वा हिंदी आवाज वापरता येतात. मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे एचटीएमएलमधील भाषादर्शक खुणेवरून स्क्रीन रीडरला कळते व त्यानुसार तो आवाज बदलू शकतो. परंतु वर्णन सलग ओळीच्या रूपात गोळा होताना त्यातील ही खूण गळून पडते. परिणामी इंग्रजी पृष्ठावरील रकान्यास मराठी वर्णन जोडल्यास ते इंग्रजी आवाजात अडखळत वाचले जाण्याचा किंवा मुळीच न वाचले जाण्याचा संभव असतो. दोन भाषा एकत्र नांदणाऱ्या भारतीय संकेतस्थळांवर ही उणीव विशेष जाणवते. रकाना व त्याचे वर्णन एकाच भाषेत ठेवणे आणि पृष्ठाची भाषा अचूक नोंदविणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय. ब्रेलच्या बाबतीत भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल ही लिपी पट्टीवर उमटविता येते. तीसाठीही मूळ मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो.

मानके व कायदे : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९७ मध्ये वेब सुगम्यता उपक्रम सुरू केला. त्याची आशयविषयक मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये व २.२ ही २०२३ मध्ये निघाली. प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार व अवस्था आज्ञावलीस समजल्या पाहिजेत व त्यांतील बदलांची वार्ता सहायक साधनांना मिळाली पाहिजे, अशी एक कसोटी त्यांत आहे. चुका मजकुराच्या रूपात कळवाव्यात, अशीही अट आहे. २.१ या आवृत्तीत भर पडलेल्या एका कसोटीनुसार स्थितिदर्शक संदेश फोकस न हलविता सहायक साधनांपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या व २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व संदेशवहन यांच्या सुगम्यतेची जबाबदारी शासनावर आहे. भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १७८०२’ हे मानक २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. सुगम्यतेच्या सूचना केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला व बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या अंकीय पद्धतीविषयी एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयात अंकीय सेवा मिळण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे या न्यायालयाने म्हटले.

कायद्याने हक्क मान्य झाला, तरी त्याची प्रत्यक्ष पूर्ती पृष्ठाच्या रचनेत, ब्राउझरच्या नोंदींत व स्क्रीन रीडरच्या निर्णयांत व्हावी लागते. रकान्याखालील एक ओळ बदलणे ही रचनाकाराच्या दृष्टीने क्षुल्लक बाब असते. ती ओळ ऐकू आली तर अंध व्यक्तीचा अर्ज तिच्या स्वतःच्या हातून पूर्ण होतो. ऐकू आली नाही तर तो तेथेच अडतो. म्हणून बदलत्या वर्णनांचे वाचन हा सुगम्यतेचा लहानसा, परंतु निर्णायक भाग मानला जातो.